धूसर फोटोतला दुर्मीळ पक्षी: न दिसणं आणि नसणं

सागाच्या जंगलातल्या वाळक्या फांदीवर पिंगळ्याएवढा पक्षी बसलाय. फोटो लांबून, भर दुपारी काढलेला. मोठा करून पाहिला की चौकोन दिसायला लागतात. डोक्यावर ठिपके दिसत नाहीत, म्हणून फोटोखाली ‘रानपिंगळा!’ असं लिहिलेलं असतं.

रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट, आणि आपला गावातला साधा पिंगळा, म्हणजे स्पॉटेड आउलेट, यांच्यातला पुस्तकात पहिला दिलेला फरक तोच आहे: पिंगळ्याचं डोकं आणि पाठ पांढऱ्या ठिपक्यांची, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. खूण खरी आहे. प्रश्न एवढाच, की हा फोटो ती खूण दाखवू शकत होता का? धूसर फोटोवरून ओळख पटवताना चुकतं ते बहुतेक वेळा इथे. फोटोत न दिसणं आणि पक्ष्याच्या अंगावर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडं गणित करू. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ४०० मिमीची लेन्स धरा. अशा सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशांचा, असतो. पक्ष्याच्या अंतराला लेन्सच्या फोकल लेंथने भागा आणि पिक्सेलच्या आकाराने गुणा. पक्ष्याच्या अंगावरची किती जागा एका पिक्सेलात मावते ते निघतं. १०० मीटरवर उत्तर येतं सुमारे १ मिलिमीटर. पिंगळ्याच्या डोक्यावरचा बारीक ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा धरला, तर तो दोन-तीन पिक्सेलांत संपतो. त्यातही प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, बाकीचे दोन कॅमेरा शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो. हाताची थरथर, तापलेली हवा आणि जेपीईजीचं दाबणं यातून गेल्यावर तो ठिपका उरत नाही. म्हणजे या अंतरावरून साध्या पिंगळ्याचं डोकंही कोरंच दिसणार.

मग अशा फोटोतून काहीच कळत नाही का? कळतं, पण प्रश्न उलटा विचारावा लागतो. आधी पक्ष्याच्या अंगावर दुसरी एखादी तेवढीच बारीक खूण शोधायची, जी दोन्ही जातींत असतेच. पंखावरच्या पिसांचे पांढरे ठिपके फोटोत सुटे सुटे दिसत असतील आणि तरी डोकं कोरं असेल, तर त्या कोरेपणाला किंमत आहे, कारण दिसण्याजोगं असतं तर ते दिसलं असतं हे याच फोटोने सिद्ध केलंय. पंखही सपाट तपकिरी दिसत असेल, तर डोक्याबद्दल बोलूच नये. या दुसऱ्या खुणेला आपण साक्षीदार खूण म्हणू. पुढे ती वारंवार लागणार आहे.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या, ठळक खुणांकडे जाणं. रानपिंगळ्याची छाती वरच्या भागात जवळजवळ सलग तपकिरी असते, कुशींवर आडवे पट्टे असतात आणि पोटाचा मधला भाग खालपर्यंत स्वच्छ पांढरा असतो. साध्या पिंगळ्याच्या छातीपोटावर तपकिरी ठिपक्यांची आणि तुटक पट्ट्यांची नक्षी खाली उतरत जाते, आणि मानेमागे पांढुरकी कॉलर असते. रानपिंगळ्याचं डोकं आणि चोच अंगाच्या मानाने थोराड, पंख-शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद आणि ठळक, पायांवर दाट पांढरी पिसं. हे सगळं काही सेंटिमीटरांच्या मापातलं आहे, त्यामुळे मऊ फोटोतही टिकतं. इथेही साक्षीदार हवाच. पोट पांढरं दिसतंय ते उन्हात फोटो जळल्यामुळे तर नाही? लगतच्या कुशीवरचे पट्टे शाबूत असतील तर पांढरं खरं. कुशीही पांढरीफट्ट असेल तर तो भाग पुराव्यातून बाद.

पिंगळ्याचं वयही विसरू नका. उन्हाळ्यात ढोलीबाहेर आलेल्या साध्या पिंगळ्याच्या पिल्लांच्या डोक्यावरचे ठिपके मुळातच अस्पष्ट असतात. मग उत्तम फोटोसुद्धा फसवतो.

फोटो काय खातो, काय वाढवतो

आभाळाच्या पार्श्वभूमीवर उडणारा पक्षी काळा येतो, कारण कॅमेरा उजळ आभाळाला मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. एक ते दोन स्टॉपचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वाढवून, म्हणजे कॅमेऱ्याला मुद्दाम जास्त उजेड घ्यायला सांगून, ठेवलं नसेल तर पोटाखालची निम्मी माहिती त्या काळोखात जाते. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची न दाबलेली मूळ नोंद, असेल तर सावल्या उघडून बरीच परत मिळते. जेपीईजीत थोडी मिळते, पण तिच्यासोबत रंगीत दाणे येतात, आणि त्या दाण्यांतून ‘तांबूस छटा’ शोधणारे लोक कमी नाहीत.

रंग सगळ्यात आधी बेइमान होतो. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात प्रत्येक गरुड तांबूस, झाडाखाली प्रत्येक वटवट्या हिरवट, ढगाळ दिवशी सगळंच निळसर. फ्रेममध्ये नक्की पांढरी किंवा करडी असलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ बगळा किंवा ढग, असेल तर तिच्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, लावून पाहा. नसेल तर फोटोची एक प्रत पूर्ण कृष्णधवल करा. ‘हा भाग त्या भागापेक्षा गडद आहे का’ एवढाच प्रश्न राहिला की डोळा कमी फसतो.

भर घालणाऱ्या गोष्टी जास्त धोक्याच्या. कॅमेरा किंवा मोबाइल कडा धारदार करतो तेव्हा गडद कडेलगत पांढरी रेघ उमटते. डोळ्याभोवती ती आली की कडं, पंखावर आली की पंखपट्टी. ओळखायची युक्ती सोपी आहे: तशीच रेघ फांदीच्या कडेला आहे का ते पाहा. असेल तर ती सॉफ्टवेअरची. आता मोबाइलमधला लांबचा झूम आणि एआयने नॉइज काढणारी किंवा फोटो मोठा करणारी साधनं याही पुढे गेलीत. जिथे माहितीच नव्हती तिथे ती पाहिलेल्या हजारो फोटोंवरून पिसं रंगवून देतात. अशा फोटोतली पिसांची नक्षी पुरावा म्हणून शून्य धरावी, मग ती कितीही सुंदर असो. खरं तर जितकी सुंदर तितका संशय जास्त.

पक्ष्याच्या अंगावरही भर पडते. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की बुलबुल, मैना, शिंजीर यांच्या कपाळावर परागाचा पिवळा-नारिंगी डाग पडतो आणि पुस्तकात नसलेली जात जन्माला येते. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्याच्या चोचीचा आणि पायांचा रंग चिखलाचाच असतो. अंशतः पांढरी पिसं आलेले कावळे आणि साळुंक्या दर वर्षी ‘नवीन पक्षी’ म्हणून फिरतात. बाजारात विकण्यासाठी हिरव्या-गुलाबी रंगवलेल्या आणि सुटलेल्या मुनियाही यातल्याच. मुनियेची चोच, आकार आणि शेपटी ओळखीची असेल तर रंगाकडे दुर्लक्षच करा.

आकार, कोन आणि माप

एवढ्या सगळ्यात तुलनेने इमानी राहतो तो पक्ष्याचा बांधा: चोचीची लांबी डोक्याच्या मानाने किती, पंखांची टोकं शेपटीच्या पुढे जातात की मागे राहतात, डोकं गोल की चपटं. मात्र माप घ्यायला पक्षी बरोबर बाजूने हवा. चोच कॅमेऱ्याकडे थोडी जरी वळलेली असली तरी ती आखूड दिसते, आणि चोच आखूड दिसल्यामुळे किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांची जातच बदलते. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर पिक्सेलांत मोजा, चोचीची लांबी मोजा, आणि चोचीच्या लांबीला त्या अंतराने भागा. तीन-चार वेगवेगळ्या फ्रेममध्ये ते फार बदलत असेल तर पक्षी वळत होता. तो कॅमेऱ्याकडे वळत असेल तर सगळ्यात मोठं उत्तर येणारी फ्रेम खऱ्याच्या जवळची.

शेजारच्या पक्ष्याशी तुलना करून ‘हा मोठा आहे’ म्हणणं दिसतं तितकं सुरक्षित नाही. लांब लेन्स अंतर दाबते. १०० मीटरवरचा आणि ११० मीटरवरचा पक्षी फोटोत खेटून बसलेले दिसतात, पण त्यांच्या दिसणाऱ्या आकारात दहा टक्क्यांचा फरक आधीच पडलेला असतो. साधा पिंगळा सुमारे २१ सेंमीचा, रानपिंगळा सुमारे २३. म्हणजे दोन जातींतला सगळा फरक त्या दहा मीटरांत बुडाला. तुलना करायचीच तर दोघे एकाच फांदीवर किंवा पाण्याच्या एकाच रेषेवर, सारख्या ढबीत बसलेले हवेत.

उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांत पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी पिसं, ज्यांना सगळे ‘बोटं’ म्हणतात, ती मोजणं हा फार कामाचा धडा आहे. सोलापूर-पुण्याच्या माळांवर हिवाळ्यात येणारे हॅरियर, म्हणजे भोवत्ये, घ्या. पॅलिड आणि माँटेग्यूज यांची बोटं चार, मार्श हॅरियर आणि हेन हॅरियर यांची पाच. आकृतीपुरता काळा फोटो असला तरी बोटं मोजता येतात. पण शटर मंद असेल तर दोन बोटं एकात मिसळतात आणि पिसं झडण्याच्या काळात एखादं बोट खरोखरच गायब असतं. म्हणून दोन्ही पंख मोजायचे आणि जमेल तितक्या फ्रेममध्ये मोजायचे. पाच दिसली तर पाच आहेत. चार दिसली तर पाचवं लपलेलं असू शकतं. पुन्हा तोच हिशेब: दिसलेल्याचं वजन जास्त, न दिसलेल्याचं कमी.

पॅलिड आणि माँटेग्यूजच्या तपकिरी माद्या आणि पिल्लं (पहिल्या वर्षातले पक्षी) वेगळी करणं अवघड, पण अशक्य नाही. पंखाखालची मागची पिसं, म्हणजे सेकंडरी, पाहा. माँटेग्यूजच्या मादीत त्यांवरचे गडद पट्टे सुटे दिसतात आणि मधली फिकट जागा अंगापर्यंत पोचते. पॅलिडच्या मादीत हा भाग एकूणच काळसर, आणि फिकट पट्टे अंगाकडे येताना विझत जातात. पिल्लात मान बघायची: पॅलिडच्या पिल्लाच्या गालामागे स्पष्ट फिकट कॉलर आणि तिच्यामागे गडद पट्टा असतो. कॉलर ही ‘असलेली’ खूण आहे, त्यामुळे मध्यम फोटोतही चालते. सेकंडरीचं काळसरपण मात्र अंधारलेल्या फोटोत कुणाच्याही वाट्याला येतं. त्यासाठी साक्षीदार म्हणजे त्याच पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांची, म्हणजे प्रायमरींची, बुडं: तिथली नक्षी दिसत असेल तरच सेकंडरीचा काळोख खरा.

अर्धाच पक्षी दिसतो तेव्हा

फांदीमागून फक्त डोकं, किंवा उडून जाताना फक्त शेपटी. असा फोटो टाकून देऊ नका; नेमका योग्य तुकडा असेल तर तो पुरतो. गवतात बसलेल्या तपकिरी गरुडाचं फक्त डोकं मिळालं असेल तर ओठांची पिवळी रेघ कुठपर्यंत जाते ते पाहा. टॉनी ईगलमध्ये ती डोळ्याच्या मध्याखाली थांबते, स्टेप ईगलमध्ये डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. इंडियन स्पॉटेड ईगलची रेघही लांब आणि जाड असते, म्हणून लांब रेघेने टॉनी बाद होतो, पण स्टेप सिद्ध होत नाही. आणि तोंड उघडून धापा टाकणाऱ्या गरुडावर हे माप घेऊ नका. रेघेची जागा सरकते.

याहून बारीक उदाहरण रेड-ब्रेस्टेड आणि टायगा फ्लायकॅचरचं. हिवाळ्यात येणारे हे दोन चिमुकले माशीमार, शेपटी वर उचलत राहणारे. टायगाच्या शेपटीच्या बुडावरची पिसं गडद काळी, शेपटीपेक्षाही काळी. रेड-ब्रेस्टेडची शेपटीपेक्षा जास्त काळी नसतात. टायगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी, रेड-ब्रेस्टेडच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. आता झाडीतल्या अंधारात काढलेला फोटो घ्या. चोच काळी दिसते. यावरून टायगा म्हणणं हा महाराष्ट्रातल्या हिवाळ्यातला नेहमीचा घोळ, कारण सावलीत प्रत्येक चोच काळी असते. उलट, चोचीचं बूड फिकट दिसलं तर ते सावलीने बनवलेलं नसतं; तिथे रेड-ब्रेस्टेड म्हणायला बळ येतं, फक्त चोचीवर ऊन चमकत नाही ना तेवढं पाहा. शेपटीसाठी कृष्णधवल प्रत काढा आणि बुडाची पिसं व शेपटीची मधली पिसं शेजारीशेजारी ताडून पाहा. दोन्ही सारख्याच उजेडात असतील तरच.

पावसाळ्यात वादळी वाऱ्यांनी कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या समुद्री पक्ष्यांचे फोटो बहुधा मोबाइलवरचे असतात. वर घिरट्या घालणारा फ्रिगेटबर्ड असेल तर एकच जागा महत्त्वाची: काख. लेसर फ्रिगेटबर्डच्या छाती-कुशीचा पांढरा रंग काखेत टोकदार शिरतो, प्रौढ नरात तर तेवढाच पांढरा भाग असतो. पंख पूर्ण उघडलेली, खालून घेतलेली एक फ्रेम दहा बाजूच्या फ्रेमपेक्षा मोलाची.

फोटोबाहेरचा पुरावा

रानपिंगळ्याचाच इतिहास इथे उपयोगी आहे. १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या पक्षितज्ज्ञाने या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणालाच मिळाला नाही, अपवाद फक्त रिचर्ड माइनरत्झहागन या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचं सांगितलेल्या एका नमुन्याचा. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञाने तपासलं तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात जमवलेला जुनाच पक्षी निघाला: पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. चिठ्ठी बाद केल्यावर शोध खऱ्या जुन्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाट, यावल, तानसा इथूनही नोंदी आल्या. पक्षी खरा होता, जागा खोटी होती, आणि त्या खोट्या जागेने सगळ्यांची दिशा चुकवली.

फोटोची चिठ्ठी म्हणजे त्याची तारीख, वेळ आणि जागा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, बॅटरी बदलल्यावर तारीख उलटलेली नाही ना, हे आधी बघा. फोटो दुसऱ्याकडून आला असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करा. नेटवरचा फोटो डावा-उजवा उलटवून आपल्या गावचा म्हणून देणारे भेटतात. पक्ष्यामागचं झाड, गवत, खडक त्या जागेशी आणि ऋतूशी जुळतात का? पायात अभ्यासकांनी घातलेलं क्रमांकाचं कडं किंवा रंगीत झेंडी असेल तर सगळ्या फ्रेममधून अक्षरं जमवा. एका फ्रेममध्ये पहिला आकडा, दुसरीत तिसरा, असं करत पूर्ण क्रमांक जुळतो आणि मग ओळख फोटोवर अवलंबूनच राहत नाही.

ऋतू आणि जागा यांनी शक्यतांची यादी छोटी होते. पण यादी बनवताना दुर्मीळ जातीआधी नेहमीच्या जाती लिहा: नर, मादी, पिल्लू, पिसं झडलेला, अर्धवट पांढरा. यातला कुठलाच बसत नाही म्हटल्यावर मग दुर्मीळ. आणि ताडून पाहायला पुस्तकातली सुबक चित्रं घेऊ नका. मॅकॉले लायब्ररीसारख्या पक्ष्यांच्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहात नेहमीच्या जातीचे, त्याच महिन्याचे, तितकेच वाईट फोटो शोधा. साधा पिंगळा वाईट फोटोत कसा दिसतो हे शंभर वेळा पाहिलेला माणूस रानपिंगळ्याच्या बाबतीत कमी चुकतो.

मर्लिनसारखं फोटोवरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप चाचपणीला चांगलं. ते जागा आणि तारीख विचारात घेतं. पण डाग दाखवला तरी ते काहीतरी नाव पुढे करू शकतं, त्यामुळे त्याच्या उत्तराला यादीतली एक सूचना एवढीच किंमत द्या.

फोटो पाठवताना

जाणकाराला विचारायचं असेल तर मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि तारीख-जागेची माहितीही गळते; तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो शेवटचा पर्याय. सगळ्या फ्रेम द्या, वाईटसुद्धा, कारण एखादी खूण लागोपाठच्या सहा फ्रेममध्ये टिकली तर ती पक्ष्याची, आणि एकाच फ्रेममध्ये आली तर प्रकाशाची. सोबत लिहा: अंतर, उजेड कुठून होता, पक्षी काय करत होता, आवाज ऐकला का. आपल्याला काय वाटतं ते नाव मात्र आधी सांगू नका. एकदा ‘रानपिंगळा’ कानावर पडला की समोरच्याचा डोळाही तोच शोधायला लागतो.

चांगल्या फोटोसाठी पुन्हा जायचं असेल तर सकाळी लवकर, माळ तापायच्या आत. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका, ढोलीजवळ जाऊ नका आणि दुर्मीळ जातीची नेमकी जागा उघडपणे लिहू नका.

नोंद करताना फोटो जिथपर्यंत नेतो तिथेच थांबा. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर ‘पॅलिड किंवा माँटेग्यूज हॅरियर’, ‘टायगा किंवा रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर’ असे जोड-पर्याय आहेत, आणि त्याहून अनिश्चित असेल तर नुसतं ‘हॅरियर’ म्हणूनही नोंदवता येतं. ही नोंद दुय्यम नाही. चुकीच्या नावाने टाकलेली नोंद तपासणीतून निसटली तर त्या जातीच्या नकाशावर बसते आणि तिथे पुढच्या माणसाला पुरावा वाटते.

मूळ फाइल, नको वाटणाऱ्या फ्रेमसकट, तारीख आणि गावाचं नाव घालून जपून ठेवा. टायगा आणि रेड-ब्रेस्टेड हे एकेकाळी एकाच जातीचे दोन प्रकार मानले जात. त्यांच्या दोन जाती झाल्या तेव्हा जुने फोटो पुन्हा बाहेर काढून शेपटीची बुडं तपासावी लागली, आणि ज्यांनी फक्त छातीचा सुंदर फोटो ठेवून बाकीचे पुसले होते त्यांच्या हाती तपासायला फार काही नव्हतं.